जॉर्ज म्युलर व त्यांची ५३ वर्षांची प्रार्थना

देवापाशी मागणे सोपे आहे. मागितल्यावर वाट पाहणे फार कठीण आहे. आजारी आप्त बरा व्हावा, मार्ग चुकलेला भाऊ घरी परतावा, म्हणून आपण गुडघे टेकतो. महिना लोटतो, वर्ष लोटते, आणि काहीच घडलेले दिसत नाही. मग आपली विनंती देवाच्या कानी पोहोचली की नाही, अशी शंका मनात उभी राहते. या शंकेचे निरसन केवळ युक्तिवादाने होत नाही. ज्यांनी दीर्घकाळ वाट पाहिली, त्यांच्या चरित्राकडे पाहावे लागते. अशा पुरुषांत ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांचे नाव अग्रगण्य आहे.

म्युलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशिया देशात क्रोपेनश्टेट या गावी झाला. वडील सरकारी कर वसूल करणारे अधिकारी होते. पुढे ज्याच्या हातून अनाथांसाठी लक्षावधी पौंड खर्च व्हायचे होते, तो मुलगा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच वडिलांजवळील सरकारी पैसे चोरू लागला. एकदा वडिलांनी संशयावरून मोजलेली रक्कम मुद्दाम खोलीत ठेवली, तेव्हा त्याने त्यातील काही नाणी उचलून बुटात पायाखाली लपविली आणि तो पकडला गेला. १८२० साली त्याची आई मृत्युशय्येवर होती, त्या रात्री हा चौदा वर्षांचा मुलगा, तिची अवस्था ठाऊक नसल्यामुळे, पत्ते खेळत बसला होता. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस खाणावळीचे बिल बुडविल्यावरून त्याला तुरुंगवासही घडला.

वडिलांच्या इच्छेने तो हाल्ले येथील विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागला. पोटापाण्याची चांगली सोय व्हावी, एवढाच त्यात हेतू होता. त्याच्याजवळ सुमारे ३०० पुस्तके होती. परंतु त्यांत पवित्र शास्त्राची एकही प्रत नव्हती! नोव्हेंबर १८२५ मध्ये एक मित्र त्याला एका साध्या व्यापाऱ्याच्या घरी शनिवारच्या प्रार्थनासभेस घेऊन गेला. तेथे एक मनुष्य गुडघे टेकून देवाशी बोलत असलेला त्याने पाहिला. असे दृश्य त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्या रात्री त्याच्या अंतःकरणात जो पालट सुरू झाला, तो कायमचा ठरला. आपण मिशनरी व्हावे असे त्याला वाटू लागले. हे ऐकून वडील अतिशय नाराज झाले. तेव्हा त्यांच्याकडून खर्चास पैसे घेणेही त्याने बंद केले.

१८२९ साली म्युलर इंग्लंडास आले. पुढील वर्षी टेनमथ येथील लहानशा मंडळीचे ते पाळक झाले, मेरी ग्रोव्हज या सुशील स्त्रीशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी ठरीव पगार घेणे सोडून दिले. आपली गरज कोणाही मनुष्यास न सांगता केवळ देवास सांगावयाची, हा त्यांचा नियम झाला. १८३२ मध्ये ते ब्रिस्टल शहरी आले. तेथील पोरक्या मुलांची दैना पाहून त्यांचे मन कळवळले. मुलांचे पोषण व्हावे ही इच्छा तर होतीच. परंतु देव आजही प्रार्थना ऐकतो, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा अनाथाश्रम काढण्यातील त्यांचा मुख्य हेतू होता.

घर, पैसा व मदतनीस यांकरिता त्यांनी पुष्कळ प्रार्थना केली आणि ते सर्व मिळाले. परंतु फेब्रुवारी १८३६ मध्ये अर्ज घेण्याचा नेमलेला दिवस उजाडला, तेव्हा एकाही मुलासाठी कोणी आले नाही. तेव्हा म्युलरसाहेबांच्या ध्यानात आले, की आपण सर्व काही मागितले, पण मुले मात्र मागितली नाहीत. ती सायंकाळ त्यांनी प्रार्थनेत घालविली. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला, आणि ११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन स्ट्रीटमधील आश्रम उघडला.

त्यानंतरची वर्षे मोठ्या कसोटीची गेली. कित्येकदा सकाळी त्या दिवसाच्या भाकरीपुरतेही पैसे शिल्लक नसत. १८ सप्टेंबर १८३८ रोजी अशीच अडचण आली असता लंडनहून आलेल्या एका बाईने आश्रमासाठी तिच्याबरोबर पाठविलेली रक्कम आणून दिली. चौकशीअंती कळले, की ती बाई कित्येक दिवस आश्रमाजवळच उतरली होती. म्हणजे इकडे प्रार्थना चालली होती, आणि तिकडे तिचे उत्तर चार पावलांवर येऊन थांबले होते! देवाने मदत प्रथमपासूनच योजिली होती, केवळ विश्वासाची परीक्षा व्हावी म्हणून ती रोखून धरली, असा धडा म्युलर यांनी यावरून घेतला. डिसेंबर १८४१ मध्ये पुन्हा अतिशय टंचाई पडली. वार्षिक अहवाल प्रसिद्ध करण्याची ती वेळ होती. तो वाचून लोकांनी खचित पैसे पाठविले असते. परंतु ही अप्रत्यक्ष याचनाच होईल, असे वाटून त्यांनी तो अहवाल मुद्दाम पुढे ढकलला. वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे, आणि आडमार्गाने हात पसरणे हा विश्वास नव्हे, हे यावरून दिसून येते.

भाकरीच्या प्रार्थनेचे उत्तर तासांत किंवा दिवसांत मिळे. परंतु एका प्रार्थनेने त्यांचा सगळा धीर मागितला. नोव्हेंबर १८४४ मध्ये त्यांनी पाच व्यक्तींची नावे मनाशी धरून, त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळावे अशी विनंती करावयास आरंभ केला. प्रकृती बरी असो वा नसो, घरी असोत वा प्रवासात, एकही दिवस त्यांनी खंड पडू दिला नाही. १८ महिन्यांनी पहिला मनुष्य वळला. म्युलर यांनी देवाचे आभार मानले, व उरलेल्या चौघांसाठी प्रार्थना चालू ठेवली. आणखी ५ वर्षांनी दुसरा वळला; त्यानंतर ६ वर्षांनी तिसरा. राहिले दोघे. ते त्यांच्या तरुणपणच्या एका स्नेह्याचे पुत्र होते. वीस वर्षे गेली, तीस गेली, छत्तीस वर्षे झाली. तरी त्या दोघांत काहीही पालट दिसेना.

या अवधीत त्यांची इतर कार्ये मात्र वाढत गेली. ॲश्ली डाउन येथील माळावर १८४९ पासून १८७० पर्यंत एकामागून एक अशी पाच मोठी गृहे उभी राहिली, व २,०५० मुलांची सोय झाली. एकंदर सुमारे १५ लक्ष पौंड त्यांच्या हाती आले, आणि तेही कोणापाशी याचना न करता. परंतु दोन हजार मुलांची भाकरी मिळविणारी ही प्रार्थना दोन मनुष्यांची मने मात्र वळवू शकत नव्हती. येथे दुसरा कोणी असता, तर त्याने ती दोन नावे हळूच सोडून दिली असती.

म्युलर यांनी ती सोडली नाहीत. त्यांचे प्रत्येक मागणे त्यांच्या इच्छेप्रमाणे मान्य झाले, असेही नाही. त्यांचा लहानगा पुत्र १८३५ साली वारला. ६ फेब्रुवारी १८७० रोजी त्यांची सहधर्मचारिणी निवर्तली. तेव्हा तिच्या अंत्यविधीचे प्रवचन त्यांनी स्वतःच केले व त्यात देवाचा चांगुलपणा वर्णिला. देवाचा नकार त्यांनी नम्रपणे स्वीकारला. परंतु नकार निराळा आणि विलंब निराळा, हे ते जाणत होते. एखाद्या आत्म्याचे तारण व्हावे ही देवाचीच इच्छा आहे, असा त्यांचा ठाम विश्वास होता. म्हणून त्या मागण्यास नकार मिळाला, असे त्यांनी कधीही मानले नाही. शिवाय, भाकरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मनुष्याचे हृदय मात्र आतून उघडावे लागते. देव त्या दाराशी उभा राहतो, परंतु ते मोडून आत येत नाही. म्हणून तेथे उशीर लागतो.

सत्तरीच्या उंबरठ्यावर, १८७५ पासून, म्युलर यांनी देशोदेशी सुवार्तेसाठी प्रवास केला. आपल्या हिंदुस्थानातही ते आले होते. त्यांच्या वृत्तान्ताचा प्रभाव महाराष्ट्रावरही पडला. पंडिता रमाबाईंनी म्युलर यांचे चरित्र वाचले व त्यापासून बळ घेतले, हे त्यांनी स्वतः नमूद करून ठेविले आहे. केडगाव येथील मुक्ति सदनातील शेकडो अनाथ स्त्रिया व मुली यांचे पोषण ज्या विश्वासाने चालले, त्याला ब्रिस्टलच्या त्या दृष्टान्ताचा आधार होता.

९ मार्च १८९८ च्या सायंकाळी म्युलर यांनी नित्याप्रमाणे प्रार्थनासभा चालविली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या खोलीत मृत आढळले. त्यांचे वय ९२ वर्षांचे होते, आणि त्यांची सर्व मालमत्ता २०० पौंडांचीही भरली नाही. त्या दोन मित्रपुत्रांपैकी एक म्युलर यांच्या हयातीत विश्वासात आला व दुसरा त्यांच्या मृत्यूनंतर, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे त्या शेवटच्या नावाकरिता ते ५३ वर्षे विनवीत राहिले, आणि त्याचे फळ डोळ्यांनी न पाहताच निघून गेले.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, प्रभु येशूने अन्यायी न्यायाधीशाचे दार ठोठावणाऱ्या विधवेचा दृष्टान्त दिला, तो आपण खचू नये म्हणूनच. तुमच्याही मनात एखादे नाव असेल, एखादे मागणे असेल, की ज्याचे उत्तर अद्याप आले नाही. ते कदाचित चार पावलांवर येऊन थांबलेले असेल. कदाचित ते तुमच्या मागून येणारे लोक पाहतील. मागणे योग्य आहे की नाही, हे आपले अंतःकरण तपासून पाहावे. आणि योग्य असल्यास, उद्या सकाळी पुन्हा तेच नाव घेऊन देवापुढे गुडघे टेकावे.