जॉर्ज सायमन ओहम

जॉर्ज सायमन ओहम (जर्मन उच्चार गेओर्ग झिमोन ओम, १६ मार्च १७८९, एर्लांगेन – ६ जुलै १८५४, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. विभवांतर, विद्युतधारा व रोध यांचा परस्परसंबंध सांगणारा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्यांचे वडील कुलुपे तयार करणारे कारागीर होते. शाळेचे शिक्षण नसूनही त्यांनी गणिताचा व्यासंग केला आणि मुलांना घरीच शिकवले. धाकटे मार्टिन पुढे गणितज्ञ झाले. १८०५ मध्ये ओहम एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले. परंतु नृत्य, बिलियर्ड्स व बर्फावरील स्केटिंग यांतच वेळ जातो असे पाहून वडिलांनी त्यांना तीन सत्रांनंतर तेथून काढले. स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवीत त्यांनी स्वतःचा अभ्यास पुढे नेला व १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून ते कोलोन येथील शाळेत शिक्षक होते. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती. सुरुवातीस त्यांनी विद्युतघट वापरले. पण त्यांचे विभवांतर सतत घसरत असे, आणि १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे ठरले. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे तापयुग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवल्याने विभवांतर स्थिर राहिले. मग सारख्या जाडीच्या, निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून त्यांनी धारा मोजली. तारेची लांबी आणि उर्वरित मंडलाचा रोध यांच्या बेरजेशी धारा व्यस्त प्रमाणात असते, असे १८२६ मध्ये सिद्ध झाले.

वाहकाचे तापमान व भौतिक स्थिती कायम असल्यास विभवांतराला धारेने भागून रोध मिळतो. २३० व्होल्टवर ४ अँपिअर धारा घेणाऱ्या इस्त्रीचा रोध ५७.५ ओहम येतो. विभवांतर व धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, येथे ९२० वॅट. धारेच्या वर्गाला रोधाने गुणले तरी उत्तर तेच. पाठ्यपुस्तकांत ही सूत्रे शेजारी असल्याने विद्यार्थी दोन्हींचे श्रेय ओहम यांना देतात. प्रत्यक्षात धारेचा वर्ग, रोध व उष्णता यांचा संबंध ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडला. तंतूच्या बल्बचा थंड असताना मोजलेला रोध असा काढलेल्या रोधापेक्षा पुष्कळ कमी भरतो, कारण तंतू तापताच त्याचा रोध वाढतो.

अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेऊन ओहम बर्लिनला गेले व १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ तेथे प्रसिद्ध झाला. त्याच्या बळावर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल ही त्यांची आशा होती. तसे घडले नाही. फूरिये यांच्या उष्णतावहनाच्या गणिताच्या धर्तीवर केलेली मांडणी तत्कालीन जर्मन अभ्यासकांना रुचली नाही. ग्रंथात प्रयोगांना गौण स्थान देणे हेही ओहम यांना महागात पडले असावे. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात पद मिळेपर्यंत किरकोळ अध्यापनावर निर्वाह केला.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या अवघी दोन वर्षे आधी. हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच संबंध त्यांच्याही पूर्वी आढळला होता. परंतु त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही आणि मॅक्सवेल यांनी ती टिपणे १८७९ मध्ये छापली. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव स्वीकारण्यात आले.