वस्ताद लहुजी साळवे आणि तालमीतील पहिला धडा

पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ गावी १४ नोव्हेंबर १७९४ रोजी एका मांग कुटुंबात लहुजींचा जन्म झाला. वडील राघोजी साळवे हे नामांकित योद्धे. लाठी, भाला, तलवार, दांडपट्टा ही सारी विद्या लहुजींना घरातच मिळाली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत राघोजी पेशव्यांच्या बाजूने लढताना धारातीर्थी पडले. लहुजींना तेव्हा तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

आम्हा आंबेडकरी घरांत १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव लहान मुलांनाही ठाऊक असते. खडकीचा विषय मात्र क्वचितच निघतो. दोन महिन्यांच्याही आत एक अस्पृश्य वीर पेशव्यांसाठी पडला आणि महार शिपाई कंपनीच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध लढले. इतिहासाचे अध्यापक म्हणून या विसंगतीला बगल देणे आम्हांस मान्य नाही. शौर्य दोन्हीकडे खरे होते, आणि दोघांचीही वस्ती गावकुसाबाहेरच होती.

पेशवाई बुडाली. लहुजींनी पुण्यात तालीम उभी केली. गंज पेठेतील तालीम आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. या तालमीत निरनिराळ्या जातींची मुले येत. पुढे सशस्त्र बंड करणारे वासुदेव बळवंत फडके हे त्यांच्याच शिष्यांपैकी एक. आणि १८४७ च्या सुमारास वीस वर्षांचे जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकण्यासाठी लहुजींकडे आले.

नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशी पट्टा कोणी देत नाही. आधी जोर, बैठका आणि पवित्रा. पाय किती अंतरावर ठेवायचे, शरीराचा भार कोणत्या पायावर घ्यायचा, एक पाऊल मागे जाऊनही तोल कसा राखायचा, हे अंगवळणी पडल्यावर लाठी. आणि पट्टा त्यानंतर. पट्ट्याच्या खोबळ्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत बंद होतो. त्यामुळे तलवारीसारखे नुसत्या मनगटावर पाते फिरवता येत नाही. खांदा, कंबर आणि पावले एका लयीत आणावी लागतात. पाते लवचीक असते, आणि लय चुकली की पहिली इजा फिरवणाऱ्यालाच होते.

ही विद्या ग्रंथातून येत नाही. वस्ताद शिष्याचा दंड धरतो, खांदा खाली दाबतो, चुकलेले पाऊल सरकवून देतो. ज्या पुण्यात अस्पृश्याची सावलीही विटाळ मानली गेली होती, तेथे माळी आणि ब्राह्मण घरांतील तरुण एका मांग गुरूच्या हाताखाली उभे राहून शिकत होते. शिवाशिव पाळून पवित्रा शिकताच येत नाही! जोतीरावांच्या घडणीचा विचार करताना त्यांनी वाचलेल्या ग्रंथांची चर्चा पुष्कळ होते. या तालमीची तितकी होत नाही, याची आम्हांस खंत वाटते.

१८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाल्या. त्या वेळी वस्तीत घरोघर जाऊन आईबापांना मुले शाळेत पाठवण्यास राजी करणाऱ्यांत लहुजी आणि राणबा महार होते. पन्नाशी उलटलेला वस्ताद आपल्या शिष्याच्या शाळेसाठी दारोदार फिरत होता. त्याच घराण्यातील मुक्ता साळवे या शाळेत शिकली आणि वयाच्या चौदाव्या वर्षी महार-मांगांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

पुढच्याच वर्षीचा एक प्रसंग चरित्रकार सांगतात. जोतीरावांना ठार मारण्यासाठी रात्री दोन मारेकरी घरात शिरले. पट्टा शिकलेल्या या पुरुषाने शस्त्र उचलले नाही. तो उभा राहिला, त्यांची विचारपूस केली, आणि आपल्या मरणाने त्यांच्या गरिबीला हातभार लागणार असेल तर मान पुढे करण्याची तयारी दाखवली. मारेकरी शरमले व पुढे त्यांचेच सहकारी झाले. याचे श्रेय केवळ करुणेला देण्याची रीत आहे. आम्हांस वाटते, त्यात तालमीचाही वाटा असावा. समोर पाते असताना पाय न डगमगू देणे हे सरावाचे काम आहे.

निघोज्यात सायंकाळी स्वसंरक्षणाचे धडे घेणाऱ्या मुलींचे पालक, म्हाळुंगे-चाकणच्या कारखान्यांतून पाळी संपवून आले की, आम्हांस विचारतात, मुलीला प्रत्यक्ष वार कधी शिकवणार? महिना झाला, ती नुसती उभी राहायलाच शिकते आहे! त्यांना आम्ही लहुजींच्या तालमीची ही हकीकत सांगतो. कोणी मनगट धरले तर हिसका नेमका अंगठ्याच्या बाजूला द्यावा, हे सांगायला एक मिनिट पुरते. भेदरलेल्या शरीराला ते ऐन वेळी आठवावे म्हणून महिने लागतात.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली. वृद्ध वस्तादांनी हे सारे पाहिले. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी संगमवाडीत आहे. तेथे जाणाऱ्या पालकांनी मुलींनाही बरोबर न्यावे.