नोकरीतलं कापड आणि प्रभाकर बरवे

प्रभाकर बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मले. सासवण्याचे शिल्पकार करमरकर त्यांच्या नात्यातले, म्हणजे कला घरात होतीच. पण जे. जे.मधून शिकून बाहेर पडल्यावर पोटाचं काय, हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. १९६१ मध्ये त्यांनी बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागासाठी नवी नक्षी काढून द्यायची, असं सरकारी काम. अमूर्त चित्रं काढणारे अकोल्याचे अंबादास हेही विणकर सेवा केंद्रांच्या नोकरीत होते.

इंटरमिजिएटच्या परीक्षेत संकल्पचित्राला आपण आकार मोजूनमापून बसवायचो, आठवतंय ना? बरवे तेच काम पगारावर करत. नक्षीत झाडाचं पान हे झाड दाखवायला येत नाही. तो एक आकार असतो आणि शेजारची मोकळी जागाही तितकीच मोलाची. त्यांच्या चित्रांतली पानं, शंख, घड्याळं मला याच नजरेने बघावीशी वाटतात. बनारसमध्ये तांत्रिक आकृत्यांनीही त्यांना ओढून घेतलं आणि त्या काळच्या चित्रांत बिंदू, त्रिकोण, वर्तुळं आली.

१९६५ मध्ये ते मुंबईच्या केंद्रात आले. पुढे त्यांनी तैलरंगापेक्षा एनॅमल जवळ केला, म्हणजे आपण दार-खिडक्यांना लावतो तोच डबाबंद रंग. तो वाहतो, चकाकतो, कुंचल्याचा फटकारा फारसा दिसू देत नाही. सपाट, मोकळ्या पार्श्वभूमीवर सुटी सुटी वस्तू तरंगत ठेवायला असा रंग सोयीचा. हे चित्र पूर्ण अमूर्त नाही आणि वस्तूचं हुबेहूब चित्रही नाही. ज्यांनी आजीला जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना, कुठला तुकडा कुठे लावायचा यावर थबकताना पाहिलंय, त्यांनी ‘यात आहे काय?’ म्हणून बिचकू नये.

ही नोकरी त्यांनी वीसेक वर्षं केली. दिवसा कापड, उरल्या वेळात कॅनव्हास. आपल्यातले बरेच जण नोकरीमुळे छंद सुटला म्हणतात; बरव्यांचं मात्र नोकरीतलंच काही कॅनव्हासवर उतरलं, असं मला वाटतं. आकार, अवकाश, सुचणं यांवर ते डायऱ्यांत सतत लिहीत. १९९० मध्ये त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आलं. चित्रकलेवर इतकं साधं आणि खोल मराठी पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

६ डिसेंबर १९९५ रोजी, साठी गाठण्याआधीच ते गेले. २०१९ मध्ये मुंबईत त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला अमोल पालेकरांचं भाषण अडवलं गेलं, त्याची बातमी सगळीकडे झाली; चित्रांची तेवढी झाली नाही.