दाताखालचा गहू

आमच्या लहानपणी एप्रिल उजाडला की घरात वर्षाचे गहू भरण्याची लगबग सुरू व्हायची. दुकानदार चार-पाच पोत्यांतले नमुने कागदाच्या पुड्यांत बांधून द्यायचा. आजी मूठभर दाणे तळहातावर पसरून उजेडात धरायची, रंग बघायची, दोन दाणे दाताखाली फोडायची. मग शेर-दोन शेर दळून आणून पोळ्या व्हायच्या. सकाळची पोळी दुपारपर्यंत मऊ राहिली तरच ते पोते घरात यायचे. शेतकऱ्याने एकरी किती पोती काढली, याच्याशी आजीला काही कर्तव्य नव्हते.

आजीची ही परीक्षा मला पुन्हा आठवली ती बँकेच्या नोकरीत, ग्रामीण शाखेवर असताना. एका हंगामात आमच्या बऱ्याच कर्जदारांनी भरपूर उतारा देणारे म्हणून गव्हाचे एक नवे बियाणे पेरले. पीक खरोखरच भरघोस आले. पण बाजारात अडत्यांनी दाणा हातात घेतला आणि भाव पाडला. रंग नाही, पोळीला चालत नाही, एवढेच कारण. हप्ते थकले. वसुलीला गेलो तेव्हा एका शेतकऱ्याने ओसरीवरची थप्पी दाखवून मला विचारले, की हा गहू खाणार कोण, हे बियाणे काढणाऱ्याने आधी कोणाला विचारले होते का? माझ्याजवळ उत्तर नव्हते. कर्ज मंजूर करताना मीही ते विचारले नव्हते.

पुढे वाचनात कळले, की हा प्रश्न आपल्याच देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका माणसाने विचारला होता, आणि उत्तर मिळवण्यासाठी थेट विलायतेतल्या पिठाच्या गिरणीचे दार ठोठावले होते. त्या माणसाचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. कंपोस्ट खताच्या इंदूर पद्धतीचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो, सेंद्रिय शेतीवाले तर त्याला गुरुस्थानी मानतात. पण त्याच्या आयुष्यातली त्याआधीची जवळजवळ वीस वर्षे आपण विसरून गेलो आहोत.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या शेतकरी घरातला. केंब्रिजला शिक्षण झाले, काही वर्षे वेस्ट इंडीजमध्ये नोकरी झाली, नंतर केंटमध्ये बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींवर काम झाले. १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा येथे नवी कृषिसंशोधन संस्था उभी राहत होती. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचे गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी लग्न झाले. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढची पंचवीस वर्षे या दोघांनी शेतात, प्रयोगशाळेत आणि कागदावर जे काही केले ते जोडीने केले. म्हणून हॉवर्ड यांची गोष्ट सांगताना खरे म्हणजे नेहमी दोघांची सांगावी लागते.

त्या काळी हिंदुस्थानचा गहू कराची आणि मुंबई बंदरांतून जहाजे भरभरून विलायतेला जात होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यापासून हा व्यापार वाढला होता. पण तिकडच्या बाजारात आपल्या गव्हाची पत हलकी. त्यात माती, खडे आणि दुसरी धान्ये मिसळलेली असत. शिवाय हा गहू 'कमजोर' समजला जाई. पाव फुगायला पिठाला जी ताकद लागते ती कॅनडाच्या गव्हात होती, आपल्यात नाही, असा गिरणीवाल्यांचा ठाम समज होता. म्हणून आपला गहू स्वस्तात घ्यायचा आणि दुसऱ्या गव्हात मिसळायचा, अशी रीत पडली होती.

हॉवर्ड दांपत्याने पुसाच्या शेतात देशभरातले गहू गोळा करून लावले. शेतकऱ्याच्या एकाच वावरात दहा तऱ्हांची रोपे मिसळलेली असत. त्यांतले एकेक रोप निवडून, त्याचे बी वेगळे पेरून त्यांनी शुद्ध वाण काढले. इथपर्यंतचे काम कोणत्याही चांगल्या शास्त्रज्ञाने केले असते. त्यांचे वेगळेपण पुढे आहे. निवडलेल्या वाणांचे नमुने त्यांनी ए. ई. हम्फ्रीज या इंग्लंडमधल्या अनुभवी गिरणीमालकाकडे पाठवले. हम्फ्रीज यांनी ते दळले, पाव भाजून पाहिले आणि कोणता वाण कसा वाटला ते कळवले. त्यात निघाले असे, की हिंदुस्थानी गहू सरसकट कमजोर नाही. मिसळलेल्या ढिगात काही वाण उत्तम ताकदीचे होते, ढिगात हरवल्यामुळे त्यांना कोणी ओळखत नव्हते एवढेच.

मग हेच वाण वेगवेगळ्या प्रांतांत लावून, मातीपाणी बदलले तरी गुण टिकतो का, हेही त्यांनी तपासले. या सगळ्यातून 'पुसा ४' आणि 'पुसा १२' हे गहू पुढे आले आणि उत्तर हिंदुस्थानात पसरले. शेतकऱ्यालाही ते चालले, कारण उताऱ्याकडे हॉवर्ड यांनी पाठ फिरवली नव्हती. वाण शेतात उभा राहिला पाहिजे आणि बाजारातही, अशी त्यांची दुहेरी अट होती.

तंबाखूचेही तसेच. बिहारातला शेतकरी हुक्क्यासाठी तंबाखू पिकवत होता. सिगारेटचा खप वाढू लागला, मुंगेरला कारखाना निघाला, पण सिगारेटला लागणारे पान वेगळे. हॉवर्ड यांनी त्या मागणीजोगा वाण निवडला, तो 'टाइप २८' या नावाने गाजला. क्वेट्ट्याच्या फळांवर काम करताना तर नुसत्या फळाकडे न बघता, ते दूरच्या बाजारात शाबूत पोचावे म्हणून खोके कसे असावे, इथवर त्यांनी डोके चालवले.

याला एक कडू बाजूही आहे. विलायतेच्या गिरणीला काय हवे ते विचारले गेले, कारण मोठा आणि संघटित ग्राहक तो होता. घरोघरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला एवढ्या पद्धतशीरपणे विचारण्याची सोय त्या काळी कोणीच केली नव्हती. शिवाय चांगला गहू पिकवणाऱ्याला जास्त भाव मिळायचा, तर तो व्यापाऱ्याच्या कोठारात वेगळा राहायला हवा. सगळे एकाच ढिगात पडले तर शेतकऱ्याने शुद्ध बी पेरावे कशाला? नुसते वाण काढून भागत नाही, हे हॉवर्ड यांना तिथेच उमगले असावे असे मला वाटते.

१९२४ मध्ये दोघे इंदूरला गेले. तिथल्या नव्या संस्थेला संस्थानिकांबरोबर कापूस समितीचा पैसा होता. या समितीत कापूस पिकवणारे आणि मुंबईचे गिरणीवाले एकत्र बसत. काम कापसाचे, पण हळूहळू हॉवर्ड यांचे लक्ष बियाण्याकडून मातीकडे वळले. जमिनीत दम नसेल तर उत्तम वाणही काय करील? यातून कंपोस्टची इंदूर पद्धत आली. १९३१ मध्ये निघालेल्या त्या विषयावरच्या पुस्तकाचे सहलेखक होते आपले यशवंत वाड. गॅब्रिएल मात्र ते पुस्तक बघायला राहिल्या नाहीत. १९३० मध्येच त्या गेल्या. हॉवर्ड मायदेशी परतले, १९३४ मध्ये 'सर' झाले आणि १९४७ च्या ऑक्टोबरात, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, वारले.

त्यांचा धडा आपल्याला पुन्हा गिरवावा लागला. १९६६ मध्ये अन्नटंचाईच्या दिवसांत मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले. उतारा विलक्षण होता, पण दाणा लालसर. आपल्या माणसांना पिवळसर, तुकतुकीत दाणा हवा. लाल गव्हाला बाजारात भाव कमी मिळू लागला, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी 'शरबती सोनोरा', 'कल्याण सोना', 'सोनालिका' हे आपल्या पसंतीच्या रंगाचे वाण दिले आणि हरितक्रांती घराघरांतल्या परातीत पोचली. आपण दुकानात 'लोकवन' म्हणून जो गहू मागतो, तो गुजरातेतल्या सणोसरा गावच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला 'लोक-१'. इंग्रजी आकडा बोलता बोलता त्याचे लोकवन झाले. पोळीला चांगला म्हणून आयाबायांनीच तो उचलून धरला.

पुसाची मूळ इमारत १९३४ च्या भूकंपात पडली आणि दोन वर्षांनी संस्था दिल्लीला गेली. नाव मात्र सोबत नेले. आजही तिथल्या वाणांच्या नावाआधी 'पुसा' लागते. 'पुसा बासमती' हे नाव तर परदेशी ग्राहकांपर्यंत पोचले आहे.

त्या ओसरीवरच्या शेतकऱ्याला मी नंतर कधी भेटलो नाही. त्याचे कर्ज पुढे फिटले, असे बदली झाल्यावर मला कळले. शेवटी तो गहू निम्म्या भावात गेला होता आणि उरलेली रक्कम त्याने बैलजोडी विकून भरली होती.