विश्लेषण : इरावती कर्वे यांनी कोयना विस्थापितांची पाहणी का केली?

धरणासाठी गाव सोडलेल्यांचे पुढे काय झाले, हे केवळ सरकारी कागदांवरून कळते का? समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ते विस्थापितांकडूनच जाणून घेतले.

१९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाई पुण्यात वाढल्या. बर्लिनमध्ये पीएचडी करताना त्यांनी कवट्यांची मोजमापे घेतली. मार्गदर्शकाच्या वंशश्रेष्ठत्वाच्या गृहीतकाला त्यातून आधार मिळाला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसेच मांडले. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजमध्ये होत्या.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाने खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. अनेक कुटुंबे सांगलीसह इतर जिल्ह्यांत वसवली गेली. कन्या जाई निंबकर यांच्यासह इरावतीबाईंनी या विस्थापितांची पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. तोवर गावे बुडून काही वर्षे लोटली होती.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ मध्ये आला. कोयनेच्या अनेक कुटुंबांचे जमिनीचे प्रश्न मात्र त्यानंतरही रेंगाळले. पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांसाठी यातला धडा साधा आहे : अशी पाहणी गाव उठण्याआधी व्हावी आणि वसाहत वसल्यावर पुन्हा व्हावी.