जुन्या गाडीतलं पेट्रोल गळायचं थांबतं, ते या कर्जबाजारी माणसामुळे

घरात एखादी जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर जपून ठेवली असेल, तर हा अनुभव तुम्हाला नवीन नाही. गाडी चार-सहा महिने उभी राहते. एक दिवस हौसेने सुरू करायला जावं तर बॉनेटखालून पेट्रोलचा वास येतो. मेकॅनिक कार्बोरेटर उघडतो आणि आतून रबराचे कडक झालेले, तडे गेलेले तुकडे काढून हातावर ठेवतो. पंपाचा डायफ्राम, पॅकिंग, वायसर, पाइप. सगळं किट बदलावं लागेल म्हणून सांगतो.

किट गाडीच्या मानाने स्वस्तच असतं. पण ते बदलायचं टाळलं आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं, तर अख्खी गाडी पेटू शकते. म्हणजे एवढ्याशा रबरावर लाखमोलाची गाडी आणि आतली माणसं अवलंबून असतात.

आता गंमत बघा. हे रबर ज्या माणसामुळे कामाचं झालं, त्याने आयुष्यात एकदाही मोटारगाडी पाहिली नाही. रबराच्या नादात त्याने घरदार घालवलं, पुन्हापुन्हा तुरुंगात गेला आणि मेला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

२९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये त्याचा जन्म झाला. वडिलांचा धंदा शेतीची अवजारं आणि बटणं बनवण्याचा. पोरगाही त्याच लायनीत आला. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचरशी लग्न झालं, मग फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. पण उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे आले नाहीत आणि १८३० च्या आसपास धंदा बसला. तिथून जे कर्ज मागे लागलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

१८३४ मध्ये गुडइयर न्यूयॉर्कला गेला होता. तिथे रबराच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात त्याने पाण्यात तरंगण्यासाठी वापरायचा हवेचा पट्टा पाहिला. पट्टा ठीक होता, पण हवा कोंडून धरणारी झडप अगदीच सुमार. गड्याने घरी जाऊन नवी झडप तयार केली आणि दुकानात परत आला. म्हणजे बघा, या माणसाची रबराशी पहिली गाठ पडली तीच मुळी गळती थांबवण्याच्या निमित्ताने.

दुकानदाराला झडप आवडली, पण त्याने वेगळंच दुखणं सांगितलं. खराबी झडपेत नव्हती, रबरातच होती.

त्या काळी अमेरिकेत रबराची लाट आली होती. झाडाच्या चिकापासून बनलेला हा पदार्थ पाणी आत येऊ देत नाही म्हटल्यावर बूट, कोट, पिशव्या, सगळं रबराचं निघालं. पण हिवाळ्यात ते रबर दगडासारखं कडक व्हायचं आणि उन्हाळ्यात वितळून लिबलिबीत व्हायचं. विकलेला माल परत यायचा आणि त्याला असा वास सुटायचा की तो पुरून टाकावा लागायचा. कंपन्या धडाधड बुडत होत्या.

गुडइयरने ठरवलं, यावर उपाय आपणच शोधायचा. त्याला रसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं आणि खिशात पैसाही नव्हता. फिलाडेल्फियाला परतला तो थेट कर्जापायी तुरुंगात. तिथेही त्याने बायकोला रबर आणि लाटणं आणून द्यायला सांगितलं आणि कोठडीत बसून रबर लाटत राहिला.

मग सुरू झाले प्रयोगावर प्रयोग. रबरात मॅग्नेशिया मिसळून बूट केले, उन्हाळा येताच ते ओघळले. नायट्रिक अ‍ॅसिड लावून पाहिलं, तर वरचा चिकटपणा गेला, पण कोंडलेल्या खोलीतल्या विषारी वायूने जीव जाता जाता वाचला. त्यातून पैसे लावणारा एक भागीदार मिळाला, तर १८३७ च्या मंदीत तोच बुडाला. सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांची ऑर्डर मिळाली. पिशव्या झकास तयार झाल्या, आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात वितळल्या. अ‍ॅसिडचा परिणाम फक्त वरच्या थरावर झाला होता.

याच दरम्यान त्याला नॅथॅनिएल हेवर्ड भेटला. हेवर्ड रबरावर गंधक टाकून ते उन्हात वाळवायचा. गुडइयरने त्याचे हक्क घेतले आणि गंधकाच्या मागे लागला.

१८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुबर्न गावात गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या स्टोव्हला लागला. रबर वितळायला हवं होतं, पण ते चामड्यासारखं करपलं. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी मात्र अशी होती, जी ना चिकट होती ना ठिसूळ. ती थंडीत ठेवली, तरी लवचिक राहिली.

लोक याला योगायोग म्हणतात. पण पाच वर्षं दिवसरात्र रबराशीच झुंजणाऱ्या माणसाच्या नजरेला ती पट्टी पडली. दुसऱ्या कुणी करपलेला तुकडा उचलून कचऱ्यात टाकला असता.

नेमकं झालं काय होतं? रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचे धागे. कच्च्या रबरात हे धागे शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरतात. उष्णतेत गंधक या धाग्यांमध्ये टाके घालतं. धागे एकमेकांना बांधले गेले की रबर ताणलं तरी मूळ आकारात परत येतं आणि उन्हात वितळत नाही.

पण किती गंधक, किती उष्णता, किती वेळ? हे बसवायला आणखी पाच वर्षं गेली. कमी तापलं तर चिकट, जास्त तापलं तर कोळसा. शेवटी दाबाखालच्या वाफेत साधारण १३० अंश सेल्सिअसला काही तास ठेवल्यावर माल एकसारखा निघू लागला.

या पाच वर्षांत घराची पार दैना झाली. भांडीकुंडी गेली, मुलांची शाळेची पुस्तकंही विकली गेली. १८४० मध्ये दोन वर्षांचा मुलगा वारला, तेव्हा अंत्यविधीलाही पैसे नव्हते. लोक या माणसाला वेडा समजायचे. क्लॅरिसाने मात्र हे सगळं सोसून संसार ओढला.

१५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ३६३३. इंग्लंडमध्ये मात्र घात झाला. गुडइयरच्या रबराचे नमुने तिथे आधीच पोहोचले होते. थॉमस हॅनकॉकने त्यावरचं गंधक ओळखलं, स्वतः प्रयोग केले आणि गुडइयरच्या काही आठवडे आधी अर्ज ठोकला. रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून या क्रियेला व्हल्कनायझेशन हे नावही तिकडेच पडलं.

अमेरिकेतही चोरून माल बनवणारे कमी नव्हते. १८५२ मध्ये खटला गाजला. गुडइयरच्या बाजूने उभे राहिले खुद्द परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर, फी १५ हजार डॉलर. खटला जिंकला, पण हातात आलेला पैसा टिकला नाही. लंडन आणि पॅरिसच्या प्रदर्शनांत रबराच्या वस्तूंची दालनं उभारायला त्याने हजारो डॉलर ओतले. १८५३ मध्ये लंडनमध्ये क्लॅरिसा गेली. १८५५ मध्ये पॅरिसमध्ये कर्जापायी पुन्हा तुरुंग झाला, आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने दिलेलं मानाचं पदक त्याला कोठडीत मिळालं.

१८६० मध्ये मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे हे कळल्यावर तो न्यू हेवनकडे निघाला. न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा ती गेल्याचं समजलं. तो तिथेच कोसळला आणि १ जुलैला त्याने प्राण सोडला. गुडइयर टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये. नाव त्याच्या आठवणीत ठेवलं, पण त्याच्या घराण्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

आता पुन्हा गाडीकडे येऊ.

कच्चं रबर पेट्रोलमध्ये विरघळतं. पंक्चरचं सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबरच. गुडइयरचे टाके पडले की ते विरघळत नाही, पण पेट्रोल पिऊन फुगतं. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या इंधनाच्या वाटेवर चामडं, बुचाचं लाकूड, फायबर असली पॅकिंग असायची. १९३० च्या दशकात जर्मनीत पेट्रोलला दाद न देणारं नायट्राइल रबर तयार झालं. पण तेसुद्धा पक्कं करतात ते बहुतेक वेळा गंधकानेच.

मग ते कडक का होतं? वर्षानुवर्षं उष्णता आणि हवा लागून धाग्यांमध्ये नको तितके टाके पडत जातात. शिवाय पेट्रोल रबरातला मऊपणा धुऊन नेतं आणि गाडी उभी राहिली की ते सुकून आक्रसतं. स्टोव्हवर काही क्षणांत करपलेलं रबर आणि तुमच्या कार्बोरेटरमध्ये वीस वर्षांत कडक झालेलं पॅकिंग, दोघांचं दुखणं जवळजवळ एकच.

त्यात आता २० टक्के इथेनॉल असलेलं ई-२० पेट्रोल आलंय. जुनी रबरं त्यासाठी बनलेलीच नव्हती. म्हणून किट बदलताना ते इथेनॉलला चालणारं आहे का ते विचारून घ्या, फ्लोरोइलास्टोमरचं मिळालं तर उत्तम. एकच तुकडा न बदलता सगळी पॅकिंग आणि पाइप एकदम बदला, काढलेलं पुन्हा बसवू नका, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

दहा मिनिटांत बदलला जाणारा तो काळा तुकडा घडवायला एका माणसाचं आणि त्याच्या घराचं अख्खं आयुष्य खर्ची पडलंय.