आधी साधने, मग चित्रपट

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तेथे तंत्र शिकून कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवले. कोऱ्या फिल्मला छिद्रे नसत. पत्नी सरस्वतीबाई ती अंधारात पाडत. वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दादासाहेबांनी भांडवलदारांची खात्री पटवली. त्यानंतरच साकारलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत झळकला. पुढे त्यांनी बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलवला. बोलपटांच्या युगात मात्र ते मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांनी घरात उभारलेली कला तोवर देशाचा मोठा उद्योग झाली होती.